बाबांचा निरोप

प्रिय सुंदुस,

पत्र बघून दचकू नकोस. मी बरी आहे, गुडघा सोडला तर सगळं जागेवर आहे. रोज फोनवर आवाज भरून पाठवणारी आई एकदम कागद घेऊन बसली म्हणजे काहीतरी वाईट झालं असणार, असं तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच सांगते. खरं तर हे सगळं मी आवाजातच पाठवणार होते. तीनदा भरलं आणि तिन्ही वेळा मध्येच पुसून टाकलं. तुझे कान तुझ्या बापाचे आहेत. मी कुठे अडखळले, कुठे आवंढा गिळला, ते तुला कैरोत बसून कळतं आणि मग पुढचं ऐकायच्या आत तू फोन लावतेस, "आई, काय झालं?" कागदावर माझं बोलणं कुणी तोडणार नाही. सहावीपर्यंत शिकलेली मी, ओळी वाकड्या जातील, शब्द चुकतील. सांभाळून घे आणि शेवटपर्यंत वाच. मध्ये थांबून फोन करू नकोस, एवढं एक ऐक.

इकडे हिवाळा बरा चालला आहे. वाऱ्यामुळे दोन दिवस पलीकडे स्फाक्स बंदराला जाणारी बोट बंद होती, म्हणून भाजी महागली आणि बायकांना बोलायला विषय मिळाला. ऑक्टोपस यंदा भरपूर. सगळ्यांच्या गच्चीवर दोऱ्या बांधल्या आहेत, वास तुझ्या ओळखीचाच. हमादीने कॅफेला निळा रंग दिला आणि आता तो प्रत्येकाला विचारतो, "कसा वाटतो?" खरं कुणी सांगत नाही. नफीसा आत्याचे चाळीस दिवस गेल्या गुरुवारी झाले. कुरआन वाचायला माणसं आली, मी कुसकुस केला, तिच्या आवडीचा, तिखट जास्त घालून. जिवंत असती तर तरीही म्हणाली असती, "शादलिया, तुझ्या हाताला मिरचीची भीती वाटते." चाळीस वर्षं त्या बाईचे टोमणे ऐकले आणि आता घरात इतकं शांत वाटतं की मी स्वतःशीच मोठ्याने बोलते.

तिची खोली आवरताना मला खूप काही आठवलं. तुझ्या लहानपणचं, तुझ्या बाबांचं. तुला होडीतून समुद्रात रोवलेल्या ताडाच्या झावळ्यांच्या त्या माशांच्या सापळ्यांकडे न्यायचे, आठवतं? सहा वर्षांची होतीस. मी ओरडायची, "एवढ्याशा पोरीचं समुद्रात काय काम?" ते म्हणायचे, "तिला वारा लागू दे जरा." पोरीला वारा लागत होता की गळा लागत होता, ते मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. किनारा लांब गेला की ते होडीच्या फळीवर ताल धरायचे आणि तू गायचीस. ऐकायला मासे सोडून कुणी नाही. घरी आलात की दोघांचे चेहरे असे, जणू शेजाऱ्याच्या बागेतली अंजिरं चोरून खाल्ली आहेत. मी विचारायची, "काय चाललंय?" दोघं एकदम, "काही नाही."

काही नाही म्हणण्याचं कारण मीच होते. बेटावरच्या प्रत्येक लग्नात तुझे बाबा ढोलवाल्यांचा लाल घागरा घालून, खांद्याला ढोल लावून पुढे असायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही अशाच एका लग्नात, आणि मान वर करून पाहिलं, खोटं कशाला बोलू. पण लग्न झाल्यावर माझ्या माहेरच्यांनी ऐकवलं ते मी विसरले नव्हते. तू शाळेच्या कार्यक्रमात गायलीस आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा घरी येऊन मी त्यांना म्हटलं, "ढोलवाल्याची बायको झाले तेवढं पुरे. गाणारणीची आई मला व्हायचं नाही." त्यानंतर घरात गाणं बंद झालं आणि सगळं समुद्रात गेलं.

म्हणून तर तुम्ही मला फसवलंत. "छाती दाखवायला स्फाक्सला जातोय, पोरीला सोबत नेतो," म्हणाले. तीन दिवस लागले. मी बिचारी डॉक्टरांना शिव्या देत बसले की एका छातीला तीन दिवस कशाला. आणि पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी हमादी कॅफेतून पळत आला, "शादलिया, चल, तुझी पोर टीव्हीवर!" माझे हात कोपरापर्यंत पिठाचे. तशीच धावले. पडद्यावर तू, माझ्या पेटीतली माझी लग्नाची शाल खांद्यावर, आणि परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतायत. कॅफेतली माणसं एकदा पडद्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मला राग आला होता हे खरं. पण त्या रागाच्या खाली आणखी काहीतरी हललं होतं. ते काय, हे मी त्या दिवशी स्वतःलाही विचारलं नाही. चार दिवस मी तुमच्या दोघांशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तुझे बाबा दारात उभे राहून म्हणाले, "शादलिया, पोरगी गाण्याच्या स्पर्धेला बैरूतला निघालीय. रागावून घे पोटभर, पण मासा तरी तळून दे तिला." मी तळून दिला.

तू गेलीस आणि हळूहळू मी बदलले. तू दर शनिवारी गायचीस आणि दर रविवारी गावाचं माझ्याशी बोलणं थोडं बदललेलं असायचं. आधी मी ढोलवाल्या मुख्तारची बायको होते. बेकरीत, दवाखान्यात, बोटीवर, सगळीकडे मुख्तारची बायको. आता बोटीवर लोक उठून खिडकीजवळची जागा द्यायला लागले. "बसा, सुंदुसची आई." स्फाक्सच्या बाजारात एका अनोळखी बाईने माझे दोन्ही गाल धरून मुके घेतले. मला ते आवडायला लागलं, सुंदुस. इतकं आवडायला लागलं की शनिवार आला की मी सकाळपासून आरशासमोर. आत्याने एकदा सुनावलंच, "पोरगी गाते, आणि नटते कोण बघा." मी हसून सोडून दिलं. पण तिने बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं.

त्याच दिवसांत तुझ्या बाबांचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरांनी ढोल बंद केला, मग जाळी बंद केली, मग जिना बंद केला. खिडकीजवळच्या पलंगावर पडून असायचे. तुला आम्ही अर्धंच सांगायचो, आणि तुलाही ते कळत होतं. रविवारी तुझा फोन यायचा, दहा मिनिटं. त्यातली नऊ त्यांची. "तिसऱ्या कडव्यात घाई केलीस. श्वास कुठे सोडलास? मी काय सांगितलं होतं, लाट परत जाऊ दे, मग पुढची ओळ." तुम्ही दोघं असे बोलत राहायचात की शेजारी बसलेली मी त्या खोलीतच नाही. मग शेवटचं एक मिनिट फोन माझ्याकडे. मला काय बोलायचं असायचं? "जेवतेस ना नीट? गरम कपडे घालतेस ना?" तू "हो आई" म्हणायचीस आणि फोन बंद. बाबा डोळे मिटून हसत पडलेले असायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात घासायची. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

अंतिम फेरीच्या आठवड्यात कार्यक्रमवाल्यांनी तुम्हा तिघा स्पर्धकांचे फोन काढून घेतले. सराव मोडायला नको म्हणून. घरच्यांसाठी एक नंबर दिला होता, रुला नावाच्या मुलीचा. "अगदीच गरज पडली तर करा," असं त्या मुलीने मला सांगितलं होतं, गोड आवाजात. तो रविवार तुझ्या फोनाविना गेला. बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून होते.

आणि मग तो शनिवार. सकाळपासून चौकात खुर्च्या लागल्या होत्या. बंदरावरून मोठा पडदा आणला होता, बायकांनी घरातले गालिचे काढून खुर्च्यांच्या पुढे अंथरले होते, मुलं तुझं नाव लिहिलेल्या पट्ट्या डोक्याला बांधून फिरत होती. दुपारच्या बोटीने टीव्हीची माणसं आली. बैरूतच्या मंचावर तू असताना इथून आम्ही पडद्यावर दिसणार होतो. बाबांना चौकापर्यंत आणता येणार नाही हे कळल्यावर त्यांच्यातला एकजण म्हणाला, "मग कॅमेरा घरीच लावू. पलंगाजवळ. वडील तिथूनच तिच्याशी बोलतील." मी नाही म्हटलं. घर लहान आहे, भिंतींना ओल आहे, लोकांना काय दाखवायचं, असं म्हटलं. तो म्हणाला, "खाला, त्याने काही फरक पडत नाही." मी म्हटलं, "मला पडतो." गालिचे, दिवे, सगळं गाव मागे आणि पुढच्या रांगेत मी, हे चित्र माझ्या डोक्यात कधीचं तयार होतं. ओल आलेली भिंत त्यात बसत नव्हती.

पुढचं तुला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. दुपार कलताना, असरच्या नमाजाच्या सुमारास तुझे बाबा गेले. मी खोलीचं दार लावून घेतलं. आत्या मला न्यायला चौकातून आली होती, तिला आत घेतलं. ती पलंगाशी खाली बसली आणि तिने भावाची चादर नीट केली. मग म्हणाली, "पोरीला कळव." मी म्हटलं, "नाही. कार्यक्रम होऊ दे." तिने माझं मनगट धरलं. "कुणाला विचारून? बाप मेलाय तिचा! तू कोण ठरवणारी?" तेव्हा मी म्हटलं, "त्यांनीच सांगितलंय. जाताना सांगून गेले. मला काही झालं तरी तिचं गाणं होईपर्यंत तिला कळवू नका, म्हणाले." आत्याने माझं मनगट सोडलं. भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझा मुख्तार." मग ती त्यांच्याजवळ कुरआन वाचत बसली, आणि मी निळा पोशाख घालून चौकात गेले.

मी पुढच्या रांगेत बसले. माणसं येऊन हात हातात घेत होती. "मुख्तारला कसं आहे?" "बरं आहे. सर्दी झालीय जरा." बारा वर्षं लोक मला विचारतात की त्या वेळी बसवलं कसं? मी सांगते, अल्लाहने ताकद दिली. खरं म्हणजे मला काहीच वाटत नव्हतं. दात बधिर करून काढतात तसं सगळं अंग बधिर होतं. मग तू आलीस. मोठी गाणी ठेवून तू आपल्या बेटाचं लग्नातलं गाणं घेतलंस, नवरी होडीत बसते तेव्हाचं. चौकात कुणी हलेना. म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि मला कळत होतं की तू एकदाही घाई केली नाहीस, प्रत्येक ओळीनंतर लाट परत जाऊ दिलीस. गाणं संपल्यावर कार्यक्रमवाल्यांनी तुला तिथल्या पडद्यावर आमचा चौक दाखवला. तू कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून गर्दीत शोधत होतीस. "आई! बाबा कुठेत?" सगळ्या अरबी मुलखासमोर मी हसले आणि म्हटलं, "सर्दी झालीय गं त्यांना. पलंगावरून ऐकतायत." तू दोन्ही हातांनी हवेत मुका पाठवलास. "बाबा, खिडकी उघडी ठेवा, मी अजून जोरात गाते!"

बसऱ्याचा मुलगा जिंकला, तू दुसरी आलीस. चौकात रडारड झाली, शिव्या झाल्या, आणि मग मी उठून उभी राहिले आणि गावाला सांगितलं की मुख्तार गेला. त्यानंतरचा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. तुला रुलाने मंचामागे सांगितलं. रविवारी दुपारी त्यांना पुरलं, इमाम थांबायला तयार नव्हते. तू सोमवारच्या बोटीने आलीस तेव्हा माती अजून ओली होती. तू कबरीशी बसून मला एकच विचारलंस, "काही म्हणाले का ते?" मी आत्याला सांगितलं होतं तेच तुला सांगितलं. तू माझ्या मांडीत तोंड घालून रडलीस, "म्हणजे त्यांना हवं होतं मी गावं. म्हणजे मी बरोबर केलं." त्या आधी बोटीवर तू हमादीला म्हणाली होतीस की आता गाणं बंद, परत माईकला हात लावणार नाही. त्या एका वाक्याने तुझं गाणं चालू राहिलं. मग मी ते कसं परत घेणार होते? वर्तमानपत्रात आलं, "लेकीसाठी स्वतःचा मृत्यू झाकून ठेवायला सांगणारा बाप." तू पहिली आली असतीस तरी झालं नसतं इतकं तुझं नाव त्या वाक्याने झालं. तुझ्या प्रत्येक कार्यक्रमात, गाण्याच्या आधी, तू ते सांगतेस. लोक रडतात. मीही पहिल्या रांगेत बसून रडले आहे, दोनदा. ते माझ्यासाठी रडायचे, "काय धीराची बाई!" म्हणून. मी कशासाठी रडत होते ते कुणी विचारलं नाही.

आत्याने ते कात्रण काचेत बसवून स्वतःच्या पलंगाच्या वर लावलं होतं. शेवटच्या आठवड्यात तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण त्या कात्रणाकडे बोट दाखवून ती मला रोज सांगायची, "माझा भाऊ बघ. मरताना स्वतःसाठी काही मागितलं नाही त्याने." मी तिचे केस विंचरत असायची. दोनदा जिभेवर आलं होतं. म्हटलं, मरणाऱ्या बाईकडून तिचा भाऊ कशाला काढून घ्यायचा? पण आता कळतं की मी पुन्हा माझीच सोय पाहिली. तिला सांगितलं असतं तर तिने मला शिव्या दिल्या असत्या, थुंकली असती, आणि मला ते चाललं असतं. आता शिव्या द्यायलाही कुणी नाही.

सुंदुस, त्यांनी मागितलं होतं. त्या शनिवारी जेवणानंतर, अडीचच्या सुमारास, मला हाक मारली. ओठ निळसर दिसत होते, पण आवाज स्वच्छ होता. म्हणाले, "शादलिया, फोन लाव. पोरीचा आवाज ऐकू दे." मी म्हटलं, "सराव चालू असेल. फोन काढून घेतलेत त्यांचे." म्हणाले, "त्या मुलीला लाव. दोनच शब्द. आज मला बरं वाटत नाही." मी नंबर घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि लावला. पहिल्याच घंटेला रुलाने उचलला. मी म्हटलं, सुंदुसची आई बोलतेय. ती म्हणाली, "अय्या, खाला! इथेच आहे ती, केस करतायत तिचे. बोलावू का? दोन मिनिटं." आणि मागून तुझं हसणं आलं. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि तू खळखळून हसलीस. मी तिथे फोन कानाला लावून उभी होते. मला ठाऊक होतं की तू त्यांचा आवाज ऐकलास की एका श्वासात ओळखशील, सगळं तसंच टाकशील आणि विमानतळ गाठशील. मग चौकात कोण बसणार, पडदा कशाला, गालिचे कशाला. तुझ्या भल्याचा विचार मी केला असेन, थोडासा. पण आधी आलं ते चौकातलं चित्र. आणि त्याच्याही आधी एक आलं, ते लिहायला मला तीन दिवस लागले. पुन्हा तुम्ही दोघं बोलणार आणि मी फोन धरून उभी राहणार. आजसुद्धा. मी रुलाला म्हटलं, "नको गं, काही विशेष नाही. तिला म्हणावं, नीट गा." आत येऊन त्यांना सांगितलं, "लागत नाही. सगळ्या लाइनी भरल्यात आज." त्यांनी मान हलवली. "थोड्या वेळाने परत बघ," म्हणाले. मी हो म्हटलं आणि निळा पोशाख इस्त्री करायला गेले. चुण्या बारीक होत्या, वेळ लागला. परत आले तेव्हा ते गेले होते. तोंड दाराकडे होतं.

आता हे का लिहिते ते सांगते. परवा बैरूतहून फोन आला. तो कार्यक्रम सुरू झाला त्याला पंधरा वर्षं होतात, तू त्याच्या तिसऱ्या वर्षी गायलीस, म्हणून मोठा सोहळा करणार आहेत. तू गाणार आहेस, आणि तुला न सांगता त्यांना मला मंचावर आणायचं आहे. मी दिव्यांसमोर उभी राहून मुख्तारचा शेवटचा निरोप माझ्या तोंडाने सांगायचा, आणि मग तू मागून येऊन मला मिठी मारायचीस, असं सगळं ठरलं आहे. तिकीटही पाठवलं. एके काळी मी त्या खुर्चीसाठी नवऱ्याची शेवटची इच्छा मोडली, आणि आता ती खुर्ची स्वतः चालत दारात आली आहे. मी येणार नाही असं त्यांना कळवलं. गुडघ्याचं कारण दिलं. ते खोटं शेवटचं. कुणालाच कधी कळलं नसतं, रुलाला तो फोन आठवतही नसेल. पण मंचावर जाऊन तू पुन्हा तेच सांगशील, आणि मी इथे टीव्हीसमोर बसून ऐकेन, हे आता मला जमणार नाही. तू गाणं सोडशील अशी भीती वाटते. माझ्याशी बोलणं सोडशील याची भीती त्याहून जास्त वाटते, बघ, अजूनही मी तशीच आहे. तुला काय करायचं ते कर. पण तुझे बाबा तुला मंचावर ढकलून स्वतः गप्प राहणारे कुणी संत नव्हते. साधे बाप होते, त्यांना लेकीशी बोलायचं होतं. "पोरीचा आवाज ऐकू दे," हे त्यांचं खरं शेवटचं मागणं. ते तुझं होतं, आणि बारा वर्षं मी ते माझ्याजवळ दाबून ठेवलं. आज तुला देते आहे. माफ कर असं लिहिणार होते, पण आधी तू रागाव. जितके दिवस लागतील तितके रागाव.

तुझीच,
आई

अताया, कर्कना बेट